जंगलाला फाटक नाही, म्हणून होणाऱ्या चुका: कोलोरॅडोत गळ किंवा बंदूक घेऊन निघण्याआधी

ताडोबाला जायचं तर आधी फाटक लागतं. तिथे बुकिंग, ओळखपत्र, गाइड, पावती सगळं पाहतात, आणि काय करायचं नाही ते सांगायला एक माणूस उभा असतो. अमेरिकेच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये असं काही नाही. एक तपकिरी पाटी येते, डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू होतो आणि आपण जंगलात. आपल्या मंडळींच्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात. अडवायला कोणी नाही म्हणजे सगळं चालतं, असा समज होतो.

देशभरात अशी सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे साधारण अडीच महाराष्ट्र. ती जनतेची आहे, पण तीवरचं सगळंच एका खात्याकडे नाही. जमीन केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसची, आणि हे खातं चक्क शेती खात्याखाली येतं. हरणं आणि मासे राज्याच्या अखत्यारीत. बंदुकीला केंद्राचा आणि राज्याचा, दोघांचाही कायदा. त्यामुळे 'जंगलात परवानगी आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे.

पहिला घोळ नावातच होतो. कोलोरॅडो राज्यातलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क आणि त्याला खेटून असलेलं रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्ट, डोंगर तेच आणि झाडंही तीच. पण पार्कात शिकार नाही, नेमबाजी नाही. मासेमारी आहे, तीही ठरलेल्या पाण्यात आणि राज्याचं लायसन्स काढून. फॉरेस्टात तिन्ही गोष्टी होऊ शकतात, पण हंगाम आणि जागा पाहून. तेव्हा पाटीवरचा 'नॅशनल'च्या पुढचा शब्दही वाचा.

गळ ज्याच्या हातात, लायसन्स त्याचं

ही चूक मी स्वतः केली आहे. आईबाबा उन्हाळ्यात आले होते. बाबांचं लहानपण कृष्णाकाठी गेलेलं, कणकेच्या गोळ्या लावून मासे धरण्यात. पाइक नॅशनल फॉरेस्टमधल्या एका तळ्यावर गेलो. लायसन्स माझं होतं, नऊ वर्षांच्या मुलाला लागत नाही. मुलगा अर्ध्या तासात कंटाळला आणि पाण्यात दगड मारायला पळाला. त्याचा गळ बाबांनी घेतला. तेवढ्यात गणवेशातला अधिकारी आला आणि नेमका बाबांसमोर उभा राहिला. 'हा नातवाचा आहे' हे मी इंग्रजीत दोनदा सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, 'आत्ता कोणाच्या हातात आहे?' दंडाची पावती बाबांच्या नावावर फाटली.

कोलोरॅडोत १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचं लायसन्स लागतं. ज्येष्ठांची सवलत राज्यातल्या रहिवाशांना आहे, पाहुण्या आजोबांना नाही. त्यांच्यासाठी नॉनरेसिडेंट लायसन्स घ्यायचं. ते एका दिवसाचंही मिळतं. आणखी एक म्हणजे माणशी एकच गळ. बायको नुसती बसली आहे म्हणून तिच्या वाटचा दुसरा गळ आपण लावायचा नाही. दोन गळ हवे असतील तर सेकंड रॉड स्टॅम्प वेगळा विकत घ्यावा लागतो.

आमिषाचं पाण्यागणिक वेगळं असतं. त्या तळ्यावर कणीक चालत होती. त्याच जंगलातल्या चीझमन कॅन्यनमध्ये, साउथ प्लॅट नदीवर, ती चालत नाही. तिथे फक्त कृत्रिम माशी किंवा ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारं नकली आमिष, आणि पकडलेला प्रत्येक ट्राउट मासा लगेच पाण्यात परत. गांडूळ नाही, बाटलीतलं वासाचं आमिषही नाही. 'परत सोडायचा' म्हणजे आधी दगडावर ठेवून पाच फोटो काढायचे असं नव्हे. हात ओले करायचे, मासा पाण्यातच ठेवायचा, गळ काढायचा. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग पोहत गेलेला मासाही पुढे मरू शकतो.

व्हिसा एच-१बी आणि हातात मित्राची रायफल

याबद्दल आपल्या लोकांत कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑफिसातला गोरा मित्र शनिवारी म्हणतो, 'चल, जंगलात टार्गेट मारू, बंदुका माझ्या.' आपण हौसेने जातो, दोन गोळ्या मारतो, व्हिडिओ काढतो. केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. बंदूक दुसऱ्याची असली तरी फरक पडत नाही. नेमबाजीच्या भाड्याच्या रेंजवरही हेच.

याला अपवाद मोजकेच आहेत. आपल्याला लागू पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. मासेमारीचं चालत नाही. मुदत संपली की अपवादही संपला. आणि कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय सहसा शिकारीचं लायसन्स मिळत नाही, म्हणजे शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी सकाळी जमणारं हे काम नाही. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसावाल्यांची ही बंदी लागू नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर गोष्ट दंडावर थांबत नाही, देश सोडायची वेळ येऊ शकते. शंका असेल तर मित्राला नव्हे, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

गोळी कुठे थांबणार?

लायसन्स आहे, जागा खुली आहे, तरी सर्वांत मोठी चूक उरतेच. टार्गेटच्या मागे काय आहे ते न पाहणं. साध्या पॉइंट टू-टू (.२२) रायफलीची गोळीसुद्धा मैलभराहून जास्त जाऊ शकते. २०१५ च्या जुलैत याच पाइक नॅशनल फॉरेस्टमध्ये कुटुंबासोबत कॅम्पिंगला आलेले एक आजोबा भरकटलेल्या गोळीने शेकोटीपाशीच गेले.

झाडांची रांग म्हणजे आडोसा नव्हे. मागे मातीचा उंच उतार किंवा टेकाड हवं. खडक नको, गोळी उसळते. टेकाडाच्या माथ्यावर टार्गेट लावू नका, पलीकडचं दिसत नाही. घर, इमारत, तंबूची जागा, माणसं असलेला टापू यांपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडायला बंदी आहे. १५० यार्ड म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ सात खेळपट्ट्या. पण हे किमान अंतर झालं, गोळीच्या दिशेत तर पार पलीकडेही कोणी नको. रस्त्यावरून किंवा रस्ता ओलांडून जाईल अशीही गोळी झाडायची नाही. काही टापूंत नेमबाजी पूर्ण बंद आहे, म्हणून निघण्याआधी त्या भागाच्या रेंजर कचेरीला फोन करा.

टार्गेट कागदाचं लावा. जुना टीव्ही, काचेच्या बाटल्या, झाडाचं खोड नको. परतताना पुंगळ्या आणि पुठ्ठे वेचून आणा. गोळी लागली की स्फोट होणारी टार्गेट्स या भागातल्या नॅशनल फॉरेस्टांत चालत नाहीत. २०१७ मध्ये ॲरिझोनात बाळ मुलगा की मुलगी हे सांगण्याच्या समारंभात असंच एक टार्गेट उडवलं. आग कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टपर्यंत गेली, सुमारे ४७,००० एकर जळालं, आणि त्या बापाला ८१ लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं गेलं.

शिकार करायची नसेल तरी

ॲस्पेन झाडांची पिवळी पानं बघायला आपण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, आणि शिकारीचे हंगामही तेव्हाच असतात. रायफलने मोठं जनावर मारायला निघालेल्याने अंगावर किमान ५०० चौरस इंच फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी घालणं सक्तीचं आहे, डोक्यावरही. फिरायला जाणाऱ्याला सक्ती नाही, पण तपकिरी जॅकेट आणि पांढरी लोकरी टोपी तेवढी टाळा. झाडीत लांबून ते हरणासारखं दिसतं. गणपतीच्या मिरवणुकीतला भगवा फेटा इथे उपयोगाचा नाही. दुकानात मिळणारं झगझगीत जॅकेटच हवं.

शिकारीला जाणाऱ्यांनी एल्क आणि मूस या हरणाच्या कुळातल्या दोन मोठ्या जनावरांतला फरक आधी पक्का करावा. एल्क समजून मूस पाडणारे दर हंगामात निघतात. आणि फॉरेस्टच्या हद्दीत खासगी तुकडेही असतात, जुन्या खाणींचे वगैरे. कोलोरॅडोत मालकाने पाटी लावलीच पाहिजे असं नाही, परवानगी मात्र आपणच घ्यायची.

दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घ्या. पुढच्या खेपेला बाबांनी आपलं एका दिवसाचं लायसन्स कागदावर छापून घेतलं आणि चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं. त्या दिवशी तपासायला कोणी आलं नाही, आणि गळाला मासाही नाही.