घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी उरकायचे पैशांचे व्यवहार

पंचवीस-तीस वर्षं संसार झाला म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली निम्मी मालमत्ता आपोआप मिळत नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशांतून, सहसा त्याचाच धरला जातो. (गोव्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, निम्मी वाटणी हाच मूळ नियम, ते गणित निराळं.) त्यामुळे महाराष्ट्रात खरी वाटणी ठरते ती कलम 13-बच्या, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींत). तिथे जे लिहिलं नाही ते नंतर मागणं अवघड, कारण शेवटी ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही’ हे वाक्य असतंच.

आधी यादी करा. पोटगीच्या दाव्यात 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालामुळे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. भांडण नसलं तरी तोच नमुना भरा. प्रत्येकाने आयकर पोर्टलवरून स्वतःचं एआयएस (वर्षभराच्या आर्थिक व्यवहारांचं विवरण) उतरवून घ्यावं. विसरलेल्या एफडीचं व्याज आणि जुने शेअर त्यात सापडतात. सिबिल रिपोर्टही (कर्जं आणि त्यांच्या फेडीची नोंद) काढा, म्हणजे कुणाला जामीन राहिलात का ते कळेल. लॉकर दोघांनी एकत्र उघडा. स्त्रीधन तिचंच, ते वाटणीत येत नाही, पण कोणता दागिना कुठला यावरूनच वाद पेटतो. पेढीवर एकेक डाग तोलून ‘पाटल्या 2, 42 ग्रॅम, 22 कॅरेट’ अशी पावती घ्या आणि फोटोसह टर्म्सना जोडा.

आकडे मांडताना कर वजा करा. 10 लाखांना घेतलेले शेअर आज 30 लाखांचे असतील, तर विकताना 20 लाखांच्या नफ्यावर, 1.25 लाखांच्या सवलतीनंतर 12.5 टक्क्यांनी, सेस (उपकर) सोडून, सुमारे 2 लाख 34 हजार रुपये जातात. पीएफ आणि पीपीएफ दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यातला वाटा रोखीने किंवा दुसऱ्या मालमत्तेतून द्यावा लागतो.

सगळ्यात जास्त चुका फ्लॅटमध्ये होतात. महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि इतर खर्च वेगळा. हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि सवलत जाते. तेव्हा खरेदीखताइतकं शुल्क भरण्याची पाळी येते. उलट टोकाची चूकही होते: बक्षीसपत्र फार लवकर नोंदवलं आणि समोरच्याने दुसऱ्या तारखेआधी (अर्जानंतर सहा महिन्यांनी दोघांना कोर्टात पुन्हा संमती द्यावी लागते, ती तारीख) संमती मागे घेतली, तर दिलेलं घर सहजी परत येत नाही. म्हणून मसुदा पहिल्या अर्जासोबतच पक्का करा आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी दुसऱ्या तारखेच्या अगदी तोंडावर ठेवा. बक्षिसाच्या बदल्यात पैसे घेतले तर ते बक्षीस राहत नाही. वाटा विकतच घेत असाल तर पूर्ण शुल्क धरून हिशोब करा.

गृहकर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी लागते. कोर्टाने ‘हप्ते पतीने भरावेत’ म्हटलं तरी बँकेच्या लेखी दोघेही कर्जदार; एक हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल घसरतो. एकाच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडणं, हाच खात्रीचा उपाय. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यातून कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. बोलणी सुरू होताच दोघांच्या सहीचा नियम लावून घ्या.

दोन तारखांमधली सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं (2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल), पण बँकेची कामं तेवढ्या घाईत होत नाहीत. एकरकमी पोटगी असेल तर अर्धी पहिल्या, अर्धी दुसऱ्या तारखेला डीडीने द्यावी-घ्यावी.

पन्नाशीनंतर महाग पडते ती मेडिक्लेम. नवऱ्याच्या फॅमिली फ्लोटरमधून (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र आरोग्य विम्यातून) बाहेर पडून नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या मधुमेह-रक्तदाबासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसी मागा, म्हणजे झालेली वर्षं मोजली जातात. सरकारी नोकराच्या घटस्फोटित पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, हे पोटगीचा आकडा ठरवतानाच लक्षात घ्या.

हुकूमनामा हाती आला की बँक, डिमॅट, पीएफ आणि सोसायटीतलं नामनिर्देशन बदला. जुनं मृत्युपत्र घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही, नवं करावं लागतं. एमडब्ल्यूपी (विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या) कायद्याखालच्या विमा पॉलिसीत मात्र लाभार्थी बदलता येत नाही, म्हणून तिचं काय करायचं ते टर्म्समध्येच लिहा.