मालाच्या बोटीनं टिकीच्या गावाला

टिकी म्हटलं की लोकांना बांबूचा बार आठवतो, ग्लासात खोचलेली कागदी छत्री आठवते आणि दात विचकणारा मुखवटा. ते सगळं १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेलं प्रकरण आहे. खरा टिकी म्हणजे पूर्वजाची कोरीव मूर्ती, आणि तो प्रशांत महासागरात, ताहितीपासून साधारण चौदाशे किलोमीटर ईशान्येला, मार्केझास बेटांवर अंगावर शेवाळ घेऊन उभा आहे. तिथं लहान विमानानं जाता येतं, बोटीनंही. मी एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे माझा सल्ला एकतर्फी आहे हे आधीच सांगतो. बोटीनं जा.

बोटीचं नाव ‘अरानुई ५’. ताहितीच्या भाषेत अरा म्हणजे वाट आणि नुई म्हणजे मोठी. लांबी १२६ मीटर. पुढचा अर्धा भाग अस्सल मालवाहू: दोन क्रेन, कंटेनर, सिमेंट, फ्रिज, बिअरचे क्रेट. मागचा अर्धा भाग केबिन, जेवणघर आणि लहानसा पोहण्याचा तलाव. दूरून पाहिलं की मालाच्या बोटीला कुणी मागून हॉटेल चिकटवलंय असं वाटतं. माझ्यासारख्याला आधी ते विनोदीच वाटलं. पण ही बोट तुमच्यासाठी थांबत नाही, मालासाठी थांबते, आणि सगळा फायदा त्यातच आहे. वस्तीची बेटं सहा. त्यातल्या ताहुआता आणि फातू हिवा या दोन बेटांवर विमानतळच नाही. बोट मात्र सहाही बेटांवर जाते. धक्क्यावर अर्धं गाव पिकअप घेऊन आलेलं असतं, कारण त्यांचं सामान आलेलं असतं. तुम्ही त्या गडबडीतले एक. परतीच्या मालात सुकं खोबरं भरतात. मालवणच्या माणसाला तो वास कशाचा हे सांगावं लागत नाही.

आता तयारीचं बोलू. फ्रेंच पॉलिनेशिया, म्हणजे ताहिती, मार्केझास आणि आसपासची बेटं, फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, नाही. आमच्या ट्रॅव्हल एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘काका, शेंगेन आहे ना, झालं तर मग.’ झालं नव्हतं. आमचे तीन आठवडे आणि तिकिटाचे काही पैसे त्यात गेले. फ्रान्सच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच जायचं ठिकाण फ्रेंच पॉलिनेशिया आहे हे स्पष्ट लिहा आणि हातात आलेल्या स्टिकरवर काय छापलंय ते तिथंच वाचा. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ऑकलंडमार्गे जाणार असाल तर न्यूझीलंडचे ट्रान्झिटचे नियम आधी बघून घ्या. बोट ताहितीवरच्या पापेएते शहरातून सुटते, तिथं निदान दोन दिवस आधी पोचा. बोट परत येईल त्याच दिवशीचं परतीचं विमान कधीही घेऊ नका. समुद्रावर वेळापत्रक असतं, वेळ नसते.

फेरी साधारण बारा दिवसांची असते. बुकिंग बरेच महिने आधी करा. मार्केझासचा कला-महोत्सव असलेल्या वर्षी तर आणखी आधी. स्वस्त प्रवास म्हणून याकडे बघू नका. त्यातल्या त्यात परवडतं ते डॉर्मिटरीतलं बंक. केबिन निवडताना लोक वरचा डेक आणि बाल्कनी मागतात. मी म्हणेन, खालचा डेक आणि जहाजाच्या मध्याकडची केबिन. बोट डुलते तेव्हा सगळ्यात कमी हालतो तो हाच भाग. बाल्कनीत बसून ओकण्यापेक्षा गोल खिडकीआड झोपलेलं बरं. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि लाट लागण्याआधी घ्या. लागल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच जाते. पहिला थांबा बहुधा वाटेतल्या तुआमोतु बेटांपैकी एखाद्या प्रवाळबेटावर असतो, पाणी आरशासारखं. तिथं शेखी मिरवू नका. त्यानंतर अख्खा एक दिवस उघडा समुद्र आहे.

पैसे पॅसिफिक फ्रँकमध्ये. एका युरोला ११९ च्या वर फ्रँक मिळतात आणि हा दर बांधलेला आहे, त्यामुळे भाव बघत बसायचं कारण नाही. रोख पापेएतेतच काढा. घड्याळाची एक गंमत आहे. आपल्यासारखंच मार्केझासचं घड्याळही अर्ध्या तासावर चालतं, ताहितीच्या अर्धा तास पुढे. भारताच्या ते बरोबर पंधरा तास मागे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे घरी रात्रीचे बारा. मुलांना फोन करायचा तर हा हिशेब पाठ असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे उतरणं. मार्केझासला प्रवाळाची भिंत जवळपास नाही, त्यामुळे उघड्या समुद्राच्या लाटा थेट किनाऱ्यावर येतात. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागते, पण बऱ्याच ठिकाणी शिडीनं बार्जमध्ये किंवा होडीत उतरावं लागतं. होडी एका क्षणी तुमच्या पायाशी असते आणि दुसऱ्या क्षणी चार फूट खाली. दोन्ही बाजूंना खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेले खलाशी उभे असतात. त्यांचा पंजा धरू नका. त्यांना तुमचा हात कोपराखाली धरू द्या आणि तुम्ही त्यांचा तसाच धरा. होडी वर येते तेव्हाच पाय टाका आणि ‘आता’ हे त्यांना म्हणू द्या. हातात काहीही नको. मी, एकतीस वर्षांचा अनुभवी, हातात कॅमेरा घेऊन उतरलो. खलाशानं मला वाचवलं, कॅमेऱ्याला नाही. बायको अजून ऐकवते. चामड्याचे बूट घरी ठेवा. पायात घट्ट बसणारी, भिजली तरी चालतील अशी चप्पल आणि डोंगरासाठी पकड असलेले वेगळे बूट, एवढं पुरे.

वाइपाएई हे उआ हुका बेटावरचं अरुंद बंदर. तिथं सकाळी लवकर उठून डेकवर या. खडकांच्या दोन भिंतींमध्ये एवढी बोट आणून वळवतात आणि दोर होडीनं नेऊन खडकांना बांधतात. पाहुण्यांपैकी निम्मे झोपलेले असतात, हे त्यांचं दुर्दैव.

टिकी बघायला जाण्याआधी चार शब्द शिकून घ्या, म्हणजे गाइडचं बोलणं वाऱ्यावर जाणार नाही. पाएपाए म्हणजे दगडी जोतं. अगदी आपल्या पडक्या घरांची राहतात तशी जंगलभर पसरलेली. तोहुआ म्हणजे गावानं जमायचं, नाचायचं, मेजवानीचं फरसबंद मैदान. मेआए म्हणजे देवस्थान, जिथं कुणीही उठून जायचं नाही. तळकोकणातल्या माणसाला मी एवढंच सांगेन: देवरहाटी. तीच गर्द सावली, तोच वड (जात वेगळी, पारंब्या त्याच) आणि आवाज आपोआप खाली येणं. चौथा शब्द तापू, म्हणजे निषिद्ध. टॅबू हा शब्द पॉलिनेशियातूनच जगभर गेला. आपल्या सोवळ्याच्या जवळचा, पण सोवळ्यापेक्षा धाक जास्त.

टिकी हा पूर्वज आहे, अर्धा माणूस आणि अर्धा देव. बघायचा क्रम माझा असा. आधी डोळे. ते चेहऱ्याच्या मानानं भलतेच मोठे असतात, कारण डोळ्यांत ज्ञान आणि शक्ती. मग डोकं, शरीराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. मग पोटावर ठेवलेले हात, वाकलेले गुडघे. शेवटी पाठीमागे जा. मागची बाजू लोक बघतच नाहीत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तोंडाची रेघ उठून येते. म्हणून पहिल्या होडीत बसा, नाष्टा अर्धा राहिला तरी चालेल.

नुकू हिवा बेटावर हातिहेऊ गावाजवळ कामुइहेई नावाची जागा आहे. प्रचंड वड, जोत्यांच्या रांगा आणि दगडांवर कोरलेली कासवं, मासे, माणसं. मी रत्नागिरीच्या कातळशिल्पांसमोर उभा राहिलोय, त्यामुळे त्या कासवाला बघून ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. नातं काही नाही. पण दोन्हीकडे किनाऱ्यावरच्या माणसानं दगडावर मासाच कोरला.

हिवा ओआ बेटावर बहुतेक लोक फ्रेंच चित्रकार पॉल गोगँची कबर बघायला आतुओनाला जातात. कबर टेकडीवर आहे, जवळच गायक जाक ब्रेलची. बघून या, अर्धा तास पुरतो. खरी जागा बेटाच्या दुसऱ्या अंगाला पुआमाऊ. आतुओनाहून तिकडचा रस्ता लांब आणि वळणावळणाचा, पण बोट पुआमाऊलाच नांगर टाकते. गावातून वर चढलं की इइपोना हे मेआए लागतं. तिथला ताकाइई अडीच मीटरच्या आसपास उंच, मार्केझासमधला सगळ्यात मोठा दगडी टिकी. पण मी अडकलो त्याच्या शेजारी. माकिई ताउआ पेपे नावाची आडवी मूर्ती आहे, पोटावर झोपलेली, चेहरा आकाशाकडे, हात वर. कुणी म्हणतात ही बाळंत होणारी बाई, कुणाला ती पोहताना दिसते. खालच्या दगडावर लहान प्राणी कोरलेत, बहुधा कुत्रे. गाइडची गोष्ट संपली की गट पुढे जातो. तुम्ही जाऊ नका. दहा मिनिटं मागे राहा, मागून गाठता येतं.

ही ठिकाणं ओसाड का, हे गाइड कधीकधी घाईत सांगतो. युरोपी जहाजांबरोबर रोग आले, बंदुका आल्या, दारू आली. १९२० च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून जेमतेम दोन हजारांच्या आसपास माणसं उरली होती. मिशनऱ्यांनी गोंदणं बंद पाडलं होतं. १८९७ मध्ये बर्लिनहून आलेले जर्मन मानववंशशास्त्रज्ञ कार्ल फोन देन स्टाइनेन यांनी अंगांवरचे नमुने कागदावर उतरवून ठेवले, म्हणून पुढच्या पिढ्यांना ते परत गोंदता आले. गोंदण्याला तिथं ‘पातुतिकी’ म्हणतात. शब्दातच टिकी आहे. त्यामुळे खलाशाच्या दंडाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. आम्ही विचारलं तर त्यानं दंडावरचा एकेक आकार कुणाचा ते समजावलं. आजीचं गाव, बापाची होडी. २०२४ च्या जुलैत जागतिक वारशाची यादी ठरवणारी बैठक दिल्लीत भरली होती. तिथंच या बेटांचं नाव यादीत गेलं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मला एक बिअर पाजली.

टिकीला हात लावू नका, जोत्यावर चढून बसू नका, खडाही खिशात टाकू नका. यात श्रद्धा आहेच, कायदाही आहे.

फातू हिवाला ओमोआपासून हानावावेपर्यंत डोंगरातून चालत जाता येतं. सतरा किलोमीटरच्या आसपास अंतर, सुरुवातीची चढण मोडणारी. गुडघे बरे असतील तर जा, तीन लिटर पाणी घ्या. माझ्या गुडघ्यांनी साथ दिली म्हणून मी गेलो. बायको ओमोआतच राहिली, आणि तिचाच दिवस जास्त चांगला गेला असं आता मला मान्य करावं लागतं. तिथल्या बायका झाडाची साल कुटून तापा नावाचं कापड करतात, तुती, निरफणस आणि वडाची साल, प्रत्येकीचा रंग निराळा. ते बघून झाल्यावर एका अंगणात नारळ खवणं चाललं होतं. बसायच्या लाकडाला पुढे दातेरी पातं. ‘हो तर आमचोच आडाळो!’ म्हणत ही सरळ त्यावर बसली आणि एक नारळ खवून दिला. फ्रेंच शून्य, मार्केझन शून्य. मी संध्याकाळी लंगडत बोटीवर पोचलो तेव्हा हिच्या डोक्यावर फुलांची वेणी होती आणि केसांत उमू हेई म्हणतात ती सुगंधी पाल्याफुलांची जुडी. ‘काओहा’ म्हणजे नमस्कार, ‘कोउताउ’ म्हणजे धन्यवाद. एवढ्यावर तिनं अख्खा दिवस काढला.

खाण्याचं: बोटीवर फ्रेंच थाटाचं जेवण, सोबत वाइन. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि तरी डाळीची पूड, चिवडा न्या. गावातलं जेवण चुकवू नका. लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा, जमिनीत तापल्या दगडांवर भाजलेलं उमूचं जेवण, आणि पोपोई, म्हणजे आंबवलेल्या निरफणसाचा लगदा. पोपोई पहिल्या घासाला आवडत नाही. दुसऱ्यालाही नाही. नोनो नावाची बारीक माशी चावते तेव्हा कळत नाही, रात्री कळतं. लांब बाह्या घाला, खाजवू नका.

टिकी घरी आणायचा असेल तर पापेएतेच्या दुकानात घेऊ नका, गावच्या कारागिरांच्या केंद्रात घ्या. घासाघीस करायची तिथं पद्धत नाही. कासवाचं कवच, देवमाशाचं हाड असलं काही घेऊ नका, विमानतळावर जप्त होतं आणि व्हायलाच हवं. लाकूड कुठलं ते विचारा. मिओ म्हणाले तर ते आपलं भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे), तोआ म्हणजे सुरूचं झाड. साल पूर्ण काढलेली, किडीचं भोक नसलेली वस्तू घ्या, पावती मागा आणि मुंबईत उतरल्यावर लाकडी वस्तू आहे हे स्वतःहून सांगा. मी मिओचा वीतभर टिकी आणला. कारागिरानं सांगितलं होतं की लाकूड तडकू नये म्हणून अधूनमधून तेल लाव. कुठलं, असं विचारल्यावर त्यानं अंगणातल्या माडाकडे बोट दाखवलं.