व्हिपलॅशवर पीएचडी करायचीय? आधी मोजायला शिका

ब्रिस्बेनला आल्यापासून मला भारतातल्या फिजिओथेरपीच्या ज्युनिअर्सचे मेसेज येतात : "ताई, मानेच्या दुखण्यावर पीएचडी करायचीय, विषय सुचव." माझं उत्तर ठरलेलं आहे. विषय नको, प्रश्न शोधा.

सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक बसते, मानेला हिसका बसतो : हाच व्हिपलॅश. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. साधारण निम्मे लोक काही महिन्यांत बरे होतात आणि बाकीच्यांचं दुखणं वर्ष उलटलं तरी रेंगाळतं. "व्यायामाने फरक पडतो का?" हा प्रश्न घेऊन गाइडकडे जाऊ नका. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जुनाट व्हिपलॅशचे १७२ रुग्ण होते. एका गटाला व्यायामाची २० सत्रं दिली, दुसऱ्याला एकदाच बसवून सल्ला आणि गरज पडली तर फोन. दोन्ही गटांच्या निकालांत म्हणावा असा फरक दिसला नाही. आपल्या धंद्याला हे झोंबतंच, पण खरा प्रश्न इथूनच सुरू होतो : कोणाचं दुखणं रेंगाळणार, आणि ते पहिल्या महिन्यातच ओळखता येईल का?

यासाठी व्हिपलॅशवर संशोधन करणाऱ्या मिशेल स्टर्लिंग यांचे पेपर वर्षांच्या क्रमाने वाचा. उलटे नको, आधी जुने. सुरुवातीच्या कामात थंडीने होणारी वेदना, दाब सोसण्याची मर्यादा, अपघाताचा मानसिक धसका हे सगळं नुसतं मोजलेलं दिसेल. मग २०१३ च्या पेपरात अंदाज बांधण्याचा नियम येतो : वय ३५ किंवा जास्त, मानेच्या अपंगत्वाचा स्कोअर ४० टक्के किंवा वर, आणि सतत दचकल्यासारखी अवस्था असेल, तर धोका जास्त. उपचाराची चाचणी २०१९ मध्ये. फिजिओनेच व्यायामासोबत ताण हाताळायला शिकवलं, तेव्हा नुसत्या व्यायामापेक्षा निकाल बरा आला. करिअर असं चढत जातं. पहिल्याच वर्षी चाचणीला हात घालणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

आता मोजण्यावर हात बसवा. रुग्णाला भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवा, डोक्याच्या पट्ट्यावर लेझर लावा, ठिपका जिथे पडतो तिथे खूण करा. डोळे मिटून मान वळवायची आणि "होती तिथे" परत आणायची. ठिपका ७ सेंटिमीटरहून जास्त चुकला, म्हणजे सुमारे साडेचार अंश, तर मानेची जागेची जाण बिघडलीय. एकदा चुकला म्हणून निष्कर्ष काढू नका, पुनःपुन्हा करून सरासरी घ्या. खुर्ची टेकायची, पाय जमिनीला. मध्येच डोळे किलकिले करणारे असतातच, म्हणून पट्टी बांधलेली बरी.

भारतात डेटा गोळा करणार असाल तर प्रश्नावलीवर जरा थांबा. मानेच्या अपंगत्वाच्या प्रश्नावलीत १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ५. त्यातला एक ड्रायव्हिंगचा. स्कूटीवर कायम मागेच बसणारी बाई तिथे काय लिहील? शून्यावर खूण केली की तिचा स्कोअर खोटा उतरतो. लागू नसलेला प्रश्न सोडून ४५ पैकी टक्के काढा, आणि हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा. मराठी भाषांतर घरी करून वापरू नका, रीतसर तपासलेलंच घ्या.

चाचणी असेल तर एथिक्स समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिल्या रुग्णाआधी. नंतर पळापळ करून उपयोग नाही.

आणि फॉलोअप. वर्षभराने फोन लावला की नंबर बदललेला असतो, म्हणून पहिल्याच दिवशी घरच्या आणखी दोघांचे नंबर संमतीसह घ्या. बरा झालेला माणूस फोन उचलत नाही, त्याला आता गरज नसते. खूप त्रासलेलाही कधीकधी उचलत नाही. दोघेही गळाले तर तुमच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. म्हणून फोन संध्याकाळी जेवणाआधी लावा, दहा मिनिटांत संपवा, आणि कोण का गळालं याची वही वेगळी ठेवा. मी प्रबंध तपासायला घेतला की आधी ती वही मागते.