रिकार्डोचा खंड सिद्धांत: या चुका टाळा

‘जमिनीचा खंड वाढला म्हणून धान्य महागलं’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास सापडतं. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो नेमकं उलट म्हणतो. 1817 च्या ग्रंथातलं त्याचंच उदाहरण घ्या: सारखाच खर्च केला, तर तीन प्रतींच्या जमिनींत 100, 90 आणि 80 क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्लिश माप) धान्य पिकतं. लोकसंख्या वाढून तिसरी जमीन कसायला घ्यावी लागली, की भाव तिथल्या खर्चावर ठरतो. मग तिला खंड शून्य, दुसरीला 10, पहिलीला 20. जमीनदारांनी सगळा खंड सोडला तरी पाव स्वस्त होणार नाही; तेवढा पैसा फक्त कुळांच्या खिशात जाईल.

इथे एक शंका येते: पडीक जमीन उरलीच नसेल आणि प्रत्येक तुकड्याला खंड असेल, तर सिद्धांत कोसळतो का? नाही. जुन्याच शेतात ओतलेल्या भांडवलाचा शेवटचा हप्ता बघा, त्यावर खंड नसतो. बरीच गाइडं हा भाग गाळतात आणि गाडी तिथेच अडते.

नफा घसरण्याचं कारण लिहितानाही घोळ होतो. भांडवलदारांतल्या स्पर्धेमुळे नफा घटतो, हे अॅडम स्मिथचं मत. रिकार्डोच्या मते धान्य महागलं की मजुरी वाढवावी लागते आणि ती नफ्यातून जाते. नफा आटला की गुंतवणूक थांबते, वाढ खुंटते.

रिकार्डोचा समकालीन अर्थशास्त्रज्ञ माल्थस आणि रिकार्डो यांना एकाच ओळीत बसवू नका. खंडाबद्दल त्यांचे विचार जवळचे, पण ब्रिटनच्या 1815 च्या धान्य कायद्यावर दोघे समोरासमोर. देशातला गव्हाचा भाव क्वार्टरला 80 शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, या धोरणाला माल्थसचा पाठिंबा होता. रिकार्डोला मात्र स्वस्त आयात हाच वाढीची कुंठितावस्था लांबवण्याचा मार्ग वाटे. त्यामुळे ‘रिकार्डोने अटळ विनाशाचं भाकीत केलं’ असं लिहिणं अन्यायाचं आहे.

हा सिद्धांत पुस्तकातच राहिला, असंही समजू नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात निव्वळ उत्पन्नाच्या (खर्च वजा जाता उरणाऱ्या, म्हणजे खंडाच्या) 55 टक्के सारा ठरवला. कागदावरचं गणित सुरेख होतं, पण शेताशेताचं निव्वळ उत्पन्न मोजणार कसं? मोजणी फसली, आकारणी जड झाली, कित्येक रयतांनी जमिनी टाकल्या. शेवटी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरात 1836 च्या सुमारास नवे, हलके दर लावावे लागले.