खांब रोवताना काँक्रीटऐवजी फोम: आधी ओळंबा, मग पिशवी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, उतारावर आहे. टेम्पो खालच्या रस्त्यापर्यंत येतो, तिथून पुढे सगळे डोक्यावरून. वरच्या बांधाला जाळीचे कुंपण घालायचे ठरले तेव्हा मी हिशेब मांडला. चार इंची खांबासाठी एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेतला तर खांबाची जागा वजा जाता त्यात सुमारे 38 लिटर काँक्रीट जाते, म्हणजे 85 किलोंच्या वर. बारा खांबांना कालवायच्या पाण्यासकट एक टनाहून जास्त माल. म्हणून त्या बांधावर फोम वापरला. आता दोन पावसाळे झाले. ज्यांना असेच चढावर खांब रोवायचे आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलेले हे रसायन. फ्रिजच्या भिंतीत थंडावा धरून ठेवणारा फोम याच जातीचा. पिशवीत दोन द्रव वेगवेगळे असतात. ते एकमेकांत मिसळले की वायूचे बुडबुडे होऊन मिश्रण कित्येक पट फुगते आणि काही मिनिटांत कडक होते. बुडबुडे बंद असल्यामुळे ते पाणी शोषत नाही. परदेशात विजेच्या खांबांभोवतीही असा फोम भरतात.

खरेदी करताना एक चूक टाळा, ती मी केली होती. दाराच्या चौकटीभोवती मारतात तो कॅनमधला फोम इथे चालत नाही. तो हवेतल्या ओलाव्याने वाळतो आणि खोल खड्ड्यात ती हवा पोचत नाही. दोन दिवसांनी मी खांब हलवून पाहिला, तर फोम वरून टणक आणि आत चिकट होता. तो खांब पूर्ण उपसावा लागला. दुकानात ‘खांब रोवायचा दोन भागांचा फोम’ असेच मागा आणि फुगल्यावर किती लिटर होतो ते पाकिटावर वाचून घ्या.

फोम कुठे वापरू नये, हे मी आधी सांगतो, कारण ते खड्डा खणण्यापूर्वीच ठरवावे लागते. जाळीचे मधले खांब, पाटीचा खांब, अंगणातला हलका दिवा यांना फोम पुरतो. फाटकाचा खांब, जाळी ताणून धरणारे कोपऱ्यातले खांब आणि वरून पत्र्याचा किंवा कौलांचा भार घेणारे खांब काँक्रीटमध्येच रोवा. खाजनातही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातही, फोम नको. तिथे जमिनीत कायम पाणी असते, फोम पाण्यापेक्षा हलका, आणि मऊ चिखल त्याला धरून ठेवत नाही. पैशाचा विचार केला तर फोम सिमेंटपेक्षा महागच पडतो. जिथे माल वाहून न्यायचा त्रास मोठा, तिथेच तो परवडतो.

खणायला नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. खड्ड्यात पाणी उभे राहत नाही आणि चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन मे महिन्यातल्यासारखी दगड झालेली नसते. जमिनीवर चार फूट खांब हवा असेल तर दोन फूट जमिनीत घ्या. रुंदी मात्र कमी ठेवा, खांबाच्या प्रत्येक बाजूला दोन इंच मोकळे राहतील एवढीच. चार इंची खांबाला आठ इंचांचा खड्डा झाला, म्हणजे सुमारे चौदा लिटर फोम पुरतो. पहारीने खणल्यावर चिऱ्याच्या कडा ओबडधोबड राहतात, त्या तासत बसू नका. फोम त्या खाचांत शिरून पकड घेतो. सुटी लाल धूळ तेवढी हाताने काढून टाका. जमीन दमट असली तर चालते, साचलेले पाणी मात्र उपसलेच पाहिजे. त्या पाण्याशी रसायन वेगळीच क्रिया करते आणि फोम पोकळ, ठिसूळ होतो.

तळाला चिऱ्याची एक सपाट कपरी बसवा आणि खांब तिच्यावर उभा करा. खांबाचे वजन दगडाने घ्यायचे, फोमने फक्त बाजूने धरायचे. लोखंडी पाइप असेल तर बुडाजवळ एक आडवा बोल्ट घाला, म्हणजे तो गोल फिरणार नाही. बूड बंद करा, नाहीतर अर्धा फोम पाइपातच चढतो. लाकडी खांबाला आधी वाळवीचे औषध लावा. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून वाट काढून लाकडापर्यंत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम. काँक्रीट ओतल्यावर अर्धा तास खांब इकडेतिकडे करता येतो. फोम तेवढा वेळ देत नाही. म्हणून पिशवी हातात घेण्याआधी खांब पूर्ण बांधून टाका. दोन रिपा काटकोनात लावायच्या, त्यांची खालची टोके खुंट्यांना ठोकायची. पहिल्या ते शेवटच्या खांबापर्यंत सुतळी ताणायची. ओळंबा दोन बाजूंनी धरून पाहायचा. पाइप हलका असतो, फुगणारा फोम त्याला वर उचलतो, म्हणून तो रिपांना घट्ट बांधा. माझा धाकटा भाऊ प्रत्येक खांबाला ओळंबा लावून ‘बरोबर’ म्हणेपर्यंत मी पिशवी सावलीतून काढत नव्हतो.

सावली म्हणतो आहे त्याला कारण आहे. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. गोव्याच्या उन्हात पडलेली पिशवी कापायच्या आतच फुगू लागते. सकाळी काम करा. हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, वारा पाठीवर घ्या. दोन द्रवांपैकी एकात असलेले आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना त्रास देते, दमा असलेल्याने हे काम करू नये. त्वचेला लागलेला फोम सहज निघत नाही.

एका वेळी एकच पिशवी. मधला अडसर काढा आणि पाकिटावर लिहिले असेल तितके सेकंद, बहुधा पंधरा ते वीस, दोन्ही हातांनी जोरात मळा. पिशवी कोमट लागली की कोपरा कापा आणि खांबाभोवती फिरत ओता. एकाच बाजूने ओतलात तर खांब दुसरीकडे ढकलला जातो. पातळ, पिवळसर द्रव तळाशी जातो आणि क्षणभर काहीच होत नाही. मग कडेचे बुडबुडे दिसतात आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फोम खांबाला धरून वर चढतो. एवढ्यात ओळंबा एकदा पाहून घ्या. त्यानंतर खांबाला हात लावू नका. फोम कमी पडला तर पहिला थर कडक झाल्यावर दुसरी पिशवी ओता.

रिपा निदान दोन तास तशाच राहू द्या. जाळी आम्ही दुसऱ्या दिवशी ताणली. वर आलेला फोम करवतीने जमिनीखाली तीन इंचांपर्यंत कापा आणि वर माती दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या. उघड्या फोमला ऊन लागले की तो तपकिरी होऊन भुगा होतो.

कापलेले तुकडे एकूण एक गोळा करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते कुजत नाहीत. पहिल्या पावसात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातात आणि तिथून म्हादई नदीत. जाळूही नका, त्याचा धूर विषारी असतो. गोणपाटाखाली जुनी चादर अंथरून कापले तर भुगाही हाती लागतो.

पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक खांब हाताने हलवून पाहा. माती धुपून फोम दिसत असेल तर पुन्हा माती ओढा. आमच्या बारांपैकी अकरा जागेवर आहेत. व्हाळाला लागून असलेला एक पहिल्याच पावसाळ्यात दोन बोटे कलला, कारण तिथे चिरा नव्हता, गाळाची माती होती. तो उपटला तेव्हा फोमचा गोळा अख्खा, कोरडा निघाला, भोवतालची मातीच सैल झाली होती. त्या एका खांबासाठी रेती, खडी आणि सिमेंट डोक्यावरून वर नेले.