दावं किती लांब असावं?

गोठ्यात जनावर बांधताना दाव्याची लांबी टेपने मोजू नका, जनावराकडे बघून ठरवा. गाय बसल्यावर तिला मान वळवून पोटावर टेकवता आली पाहिजे, पण उभी असताना दाव्याचा झोल इतका लोंबू नये की पुढचा पाय त्यात अडकेल. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी डोकं पुढे झोकते. दावं आखूड असेल तर तिला तो झोक मिळत नाही, ती गुडघ्यांवर धडपडते आणि गुडघे सोलवटतात. उठायला कुचराई करणारी गाय आजारीच असेल असं नाही, आधी दावं बघा.

गळ्यात निरगाठ आणि खुंट्याला सुरगाठ, हे कधीही उलटं करू नका. गळ्यातली गाठ सरकली की फास बसतो. खुंट्याची गाठ मात्र एका हिसक्यात सुटलीच पाहिजे. आग लागली, साप निघाला किंवा जनावर अडकून पडलं तर गाठ उकलत बसायला वेळ नसतो. पावसाळ्यात सुती दावं भिजून गाठ आवळते, तेव्हा ती रोज एकदा सोडून पुन्हा बांधा.

नायलॉनची बारीक दोरी स्वस्त पडते, पण कातडी कापते आणि त्या जखमेवर माशा बसून आसडी (अळ्या) पडतात. त्यापेक्षा जाड सुती दावं किंवा रुंद पट्टा घ्या. वाढत्या कालवडीचा गळा आणि दावं यांच्यामध्ये चार बोटं सहज जातात का, हे दर पंधरवड्याला बघा.