युरोपातील लहान खरेदीदाराशी व्यवहार ठरवण्यापूर्वी

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतील कारखानदाराला युरोपातून चौकशी आली की तो लगेच कोटेशन तयार करायला बसतो. त्याआधी समोरच्याचा आकार पाहावा. युरोपियन युनियनमधील सुमारे ९९ टक्के व्यवसाय सूक्ष्म, लघु किंवा मध्यम गटात मोडतात. त्यामुळे चौकशी पाच-सात माणसांच्या कंपनीकडून आलेली असण्याचीच शक्यता अधिक असते, आणि तिच्या अडचणी पुढे आपल्या दारात येतात.

आपल्या उद्यम नोंदणीत गुंतवणूक आणि उलाढाल पाहतात, तर तेथे २००३ च्या व्याख्येनुसार आधी माणसे मोजतात. कर्मचारी १० पेक्षा कमी आणि उलाढाल २० लाख युरोपर्यंत असल्यास सूक्ष्म, ५० पेक्षा कमी आणि एक कोटीपर्यंत असल्यास लघु, २५० पेक्षा कमी आणि पाच कोटीपर्यंत असल्यास मध्यम. मात्र कंपनीचा निम्म्याहून अधिक वाटा एखाद्या बड्या उद्योगाकडे असेल, तर त्याचेही आकडे धरले जातात. खरेदीदाराचा व्हॅट क्रमांक मागून घ्यावा आणि युरोपियन आयोगाच्या संकेतस्थळावर तो खरा आहे का हे तपासावे. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दुसरा मुद्दा पैशांचा. लहान खरेदीदाराचे पैसे बहुधा त्याच्याच ग्राहकाकडे अडकलेले असतात. युरोपियन युनियनच्या २०११ च्या निर्देशानुसार व्यवसाया-व्यवसायांतील देयकाची मुदत सहसा ६० दिवसांपलीकडे नसावी, आणि उशीर झाल्यास युरोपियन मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरात किमान आठ टक्क्यांची भर घालून व्याज व किमान ४० युरो वसुलीखर्च मागता येतो. तरीही नागपुरात बसून तिकडच्या न्यायालयात जाणे कोणत्याही लहान कारखानदाराला परवडणारे नाही. म्हणून मुदत, व्याज आणि कोणत्या देशाचा कायदा लागू होईल हे करारातच लिहून घ्यावे, पहिल्या मालासाठी काही रक्कम आगाऊ मागावी आणि उरलेल्या रकमेसाठी ईसीजीसीचे, म्हणजे निर्यातदारांना पैसे बुडण्यापासून विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचे, विमासंरक्षण घ्यावे. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचा आपला नियम परदेशी खरेदीदारावर चालत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

लोखंड, पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा माल असल्यास कार्बन सीमाशुल्काचा, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर युरोपियन युनियन आयातदाराकडून घेत असलेल्या आकाराचा, विचार करणे भागच आहे. त्यात नट-बोल्टही येतात. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल आयात करणाऱ्याला त्यातून सूट आहे, परंतु ही मर्यादा त्याच्या सर्व पुरवठादारांची मिळून असते. त्यामुळे आपला माल केवळ १० टन असला तरी तो इतरांकडून किती घेतो हे विचारावे. सूट नसल्यास पोलादाच्या कारखान्याकडून उत्सर्जनाचे आकडे मागून ठेवावेत आणि आपल्या भट्टीच्या इंधनाचा हिशेब जपावा, कारण आकडे नसले की प्रमाणित मूल्ये लावली जातात आणि ती बहुधा चढी असतात.

खरेदीदाराला भांडवल कमी पडत असेल, तर त्याला त्याच्या बँकेत युरोपियन गुंतवणूक निधीच्या हमीवरील कर्जाची चौकशी करायला सुचवावे. अशी हमी निधी थेट व्यवसायाला न देता बँकेला देतो. नियमांविषयी शंका असल्यास त्याला त्याच्या भागातील एंटरप्राइज युरोप नेटवर्क या लहान व्यवसायांना मदत करणाऱ्या जाळ्याच्या कार्यालयात विनामूल्य सल्ला मिळतो. या दोन्हींचा उल्लेख कोटेशनसोबतच्या पत्रात एका ओळीत करावा.